नवरक्षक कुठनं वाचायचे?

मुरुम,
ता. ४ जुलै

चि. सोनाली हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, फोनवर तू मला जेवलात का विचारतीस, मी तुला जेवलीस का विचारतो आणि मग तुझी माय फोन घेती. तू पुण्याला गेल्यापासून आपल्या दोघांच्या जेवणाची माहिती एकमेकांना पुरेपूर झाली. आता जरा दुसरं विचारायचंय म्हणून कागद घेतला.

माझा पाय ट्रॉलीवरनं उतरताना सटकला हे तुला कळलंच हाय. प्लास्टर घालून बाजेवर पडलोय. येणारा जाणारा चहा पितो आणि पाय कसा मोडायला नको होता ते सांगून जातो. परवा महांतेश आला. स्टँडजवळचा वह्या-पेपरवाला, तुझ्या वर्गात होता तो. त्यानं एक रंगीत चित्रांचं पुस्तक माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, चेअरमनसाहेब, ह्याच्यावर आपल्या सोनालीचं नाव हाय. बघतो तर खरंच. 'नवरक्षक', अंक ४१२, लेखन सोनाली बलभीम बिराजदार. म्या तर गावात तू कंपनीत कंप्युटरवर आहेस असं सांगून ठेवलंय. आता ते दुरुस्त करावं लागतंय.

पुस्तक वाचलं. पहिल्या पानावर पोलाद नावाच्या गड्याची चिता पेटलीय आणि बाकीचे आठजण रडायलेत. सहाव्या पानावर तोच पोलाद दार उघडून आत येतो. सौदामिनी म्हणून बाई हाय, ती त्याला एक थोबाडीत देती आणि सगळे कामाला लागतात. मेलेला माणूस तेराव्याच्या आत परत आला आणि कुणी पंचनामासुद्धा केला न्हाय. मला वाटलं मधली पानं गळाली. महांतेश म्हणतो, न्हाय, असंच असतंय, मागचं वाचलेलं पाहिजे.

तर हे सुरू कुठनं करायचं ते सविस्तर कळव. मी सोसायटीचा चेअरमन होतो तेव्हा मागचं प्रोसिडिंग वाचल्याशिवाय पुढच्यावर सही केली न्हाय.

मी शेतीचं मासिक वाचायलोय असं तुझ्या मायला सांगितलंय. तू फोडू नको. जिवाला जप आणि बापावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझा,
बलभीम बिराजदार
(सही हाय, शिक्का आता दुसऱ्याकडं गेला)


पुणे,
ता. ११ जुलै

ती. आप्पांस सोनालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मला आधी वाटलं घरी काहीतरी झालं. मग वाचलं, आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचा चित्रकार उठून आला.

आप्पा, तुम्ही विचारलेला प्रश्न आमच्या धंद्यातला सगळ्यात भांडखोर प्रश्न आहे. ह्यावरून माणसं एकमेकांच्या लग्नाला गेलेली नाहीत.

पहिला अंक १९८१ चा. तो वाचू नका. त्यात नऊही रक्षक एका टेकडीवर उभे राहून एकमेकांना आपलं नाव आणि अंगातली शक्ती सांगतात, आणि ते लहानपणापासूनचे सोबती आहेत. शंभराव्या अंकात सगळे मेले. एकशे एकाव्यात ते का मेले नव्हते ते सांगितलंय. पुढं मालकांना वाटलं की एवढा मोठा आकडा बघून नवा वाचक बिचकतो, म्हणून पुन्हा अंक १ काढला. जुने वाचक चिडले, म्हणून जुना आकडा परत आणला. मग नवे मालक आले, त्यांनाही तेच वाटलं. त्यामुळं आमच्याकडं आजमितीला तीन अंक १ आहेत आणि तिन्हींवर 'इथून सुरू करा' असं छापलेलं आहे.

ऑफिसात विचाराल तर एकजण सांगेल, छापले त्या क्रमानं वाचा. दुसरा सांगेल, घडलं त्या क्रमानं वाचा. म्हणजे अंक २१२ ची अर्धी पानं, मग अंक ३७, मग परत २१२. तिसरे एक ज्येष्ठ आहेत, त्यांच्या मते कर्पूरची मिशी गेली तिथं नवरक्षक संपले. (कर्पूर म्हणजे जो कापरासारखा हवेत विरतो तो.) पोलादचं म्हणाल तर चितेवर होता तो समांतर जगातला पोलाद. आपला पोलाद तेव्हा तिकडच्या जगात अडकला होता. हे तुम्हाला पटणार नाही, मलाही पटलं नव्हतं, पण ते माझ्या आधी ठरलं होतं.

माझं मत : अंक ३०१ पासून सुरू करा. गोष्ट चांगली आहे, मागचं फारसं लागत नाही. तिथून पुढचा गठ्ठा बांधून एसटीच्या पार्सलनं पाठवतेय, महांतेशला स्टँडवर उतरवून घ्यायला सांगा. मी लिहिलेले तळाशी आहेत, ३९६ पासून. ते नंतर सवडीनं बघा.

पायावर भार देऊ नका. आईला नमस्कार, आणि शेतीच्या मासिकाबद्दल मी गप्प आहे. तुमचा आशीर्वाद पाठीशी असतोच, पत्रही असू द्या.

तुमची,
सोनाली


मुरुम,
ता. १९ ऑगस्ट

चि. सोनाली हिस अनेक आशीर्वाद.

प्लास्टर निघालं, काठी आली. गठ्ठा मिळाला. ३०१ वर तसाच ठेवला आणि खालनं ३९६ काढला. तुझं नाव तिथनं लागतंय. ३०१ लिहिणाऱ्याच्या बापानं ३०१ वाचावा.

तुझ्या मायनं मला पकडलं. शेतीच्या मासिकात उडणारी बाई कशाला, म्हणाली. मग स्वतःच घेऊन बसली. ती शेवटचं पान आधी वाचती. कोण जगलं ते बघती आणि मगच सुरुवात करती. म्या म्हटलं ह्यात काय मजा, तर म्हणाली, जिवाला घोर लावून घ्यायला घरातली माणसं पुरेशी हायत.

आता हे कसं वाढलं ते ऐक. संध्याकाळी महांतेश दुकान बंद करून येतो आणि ओसरीवर मोठ्यानं वाचतो. नऊजणांचे नऊ आवाज काढतो. त्यातल्या जलसेनाचा आवाज मात्र आपल्या ग्रामसेवकासारखा येतो. पलीकडची गजराबाई एकदा विरजण मागायला आली आणि बसली. ती एकटीच असती, तुला माहीत हाय. तिला वाचता येत न्हाय. दुसऱ्या दिवशी परत विरजण मागायला आली. आता रोज येती. एवढं दही कुठं लावती कुणी विचारत न्हाय. कोण कुणाचं हे तिला कळेना, तर तुझ्या मायनं समजावलं : सौदामिनी म्हणजे थोरली जाऊ, सगळं तिच्या अंगावर, पोलाद म्हणजे राबणारा पण अक्कल बेताची, आणि कर्पूर म्हणजे घरात असून नसल्यासारखा धाकटा दीर. गजराबाईला झटक्यात कळलं. कर्पूर विरला की ती कानडीत काहीतरी पुटपुटती, ते तुला कळवण्यासारखं न्हाय.

माझ्या काही हरकती हायत. राक्षस दर महिन्याला त्याच शहरात येतो, आणि त्या शहरातली माणसं तिथंच घरं बांधतात. पडलेली घरं कोण बांधून देतं, पंचनाम्याला तलाठी येतो का, ह्याचा कुठं खुलासा न्हाय. नऊजणांची बैठक मात्र झकास लिहितीस. आठजण अध्यक्षाच्या विरुद्ध आणि ठराव एकमतानं मंजूर. हे तू आपल्याच ओसरीवर ऐकून शिकलीस, दुसरीकडं कुठं न्हाय. ते तीन अंक १ चं पण मला आता समजलं. आमच्याकडं निवडणुकीला पॅनेलचं नाव बदलतंय. फोटोतली माणसं तीच असतात, फक्त उभं राहायची जागा बदलती.

सौदामिनी चांगली हाय. तिला सांभाळ.

पाऊस बरा हाय, सोयाबीन फुलात हाय. लिहीत जा, आमची संध्याकाळ तुझ्यावर चालली हाय.

तुझे,
आप्पा


पुणे,
ता. २२ सप्टेंबर

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या हरकती मी ऑफिसात वाचून दाखवल्या. तलाठ्याची कल्पना सगळ्यांना आवडली, म्हणून ती नामंजूर झाली.

आप्पा, आज जड मनानं लिहितेय. आमचे संपादक कृष्णराज सर, ह्यांनी ठरवलंय की ऑक्टोबरच्या अंकात, म्हणजे ४१५ मध्ये, सौदामिनीला मारायचं. नोव्हेंबरला पुन्हा नवा अंक १. मी दोन तास भांडले. म्हटलं, वाचक तिच्यासाठी घेतात. सर म्हणाले, म्हणूनच. मग म्हणाले की माणूस मेल्याशिवाय त्याला परत आणता येत नाही, आणि परत आणल्याशिवाय अंक खपत नाही. ते पान मीच लिहायचंय.

ती परत येणार आहे. नव्या चौथ्या अंकात, फेब्रुवारीला. हे ऑफिसात चौघांनाच माहीत आहे आणि चौघांकडून लिहून घेतलंय की बाहेर फुटलं तर नोकरी गेली. तुम्हाला सांगतेय, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ते पान लिहिता येईना. तीन दिवस नुसती बसून होते. ती धरणाच्या फुटक्या भिंतीला पाठ लावून उभी आहे आणि खालचं गाव रिकामं होईपर्यंत हलत नाही, एवढं सुचलंय. आता हे पत्र टाकून लिहायला बसते.

कुणाला बोलू नका. आईलाही नको, ती शेवटचं पान आधी वाचते म्हणून तर नकोच.

तुमच्या भरवशावर,
सोनाली


मुरुम,
ता. १७ ऑक्टोबर

चि. सोनाली हिस आशीर्वाद.

पाय बरा हाय. सोयाबीन निघालं. आता मुद्द्याचं.

४१५ आला. तुझ्या मायनं सवयीनं शेवटचं पान उघडलं आणि पुस्तक मिटून आत गेली. महांतेशनं वाचलं. धरणाच्या पानावर नऊ आवाज सोडून त्यानं साध्या आवाजात वाचलं. मी गप्प बसलो, शपथ सांगतो, तुझ्या मायला पण बोललो न्हाय. ती माझ्याशी भांडली की पोरीला काही काळीज हाय का, तरी बोललो न्हाय.

पण गजराबाई दुसऱ्या दिवशी आली न्हाय. तिसऱ्या दिवशी पण न्हाय. तुझी माय भाकरी घेऊन गेली, तर गजराबाईची आदल्या दिवशीची भाकरी शिंक्याला तशीच. म्हणाली, गाव वाचवून गेली माझी बाई, मला घास उतरत न्हाय. आता तू सांग म्या काय करावं. तिच्या दारात उभा राहून म्या सांगितलं की बाई, उठ, सौदामिनी फेब्रुवारीत परत येणार हाय, लिहिणारीनं मला लेखी कळवलंय, पण तू कुणाला बोलायचं न्हाय. ती उठली, जेवली, आणि मला वाटलं काम झालं.

संध्याकाळी ओसरीवर माणसं मावेनात. ती आनंदानं घरोघर सांगून आली होती. महांतेशच्या दुकानावर येणाऱ्या कुठल्या तरी पोरानं मोबाईलवर टाकलंय म्हणतात. ते मोबाईलवरनं काढून टाकता येतंय का ह्याची म्या चौकशी केली. येत न्हाय म्हणतात.

तुझ्या नोकरीचं काय होतंय ते लगेच कळव. फोन करायची मला हिंमत न्हाय.

आप्पा


पुणे,
ता. २२ ऑक्टोबर

ती. आप्पांस,

नमस्कार.

ऑफिसात चार दिवस सगळ्यांचे फोन तपासले. कागदावर लिहून टपालानं कुणी काही कळवेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग कुणीतरी शोधून काढलं की ती बातमी सगळ्यात आधी मुरुममधून आली. माझ्या अर्जावर मुरुमच लिहिलंय. मी कबूल केलं.

सध्या घरी बसायला सांगितलंय. सोमवारी अकराला निकाल.

गजराबाई जेवल्या, बरं झालं. खरंच म्हणतेय. पण मला आत्ता तुमच्याशी भांडायचंही बळ नाही. फोन करू नका. येऊ तर अजिबात नका.

सोनाली


पुणे,
ता. २९ ऑक्टोबर

ती. सौ. आईस सोनालीचा शि. सा. न. वि. वि.

दोघं कालच्या गाडीनं परत निघालेत, हे पत्र मिळेपर्यंत ओसरीवर असतील. आप्पा त्यांच्या पद्धतीनं सांगतील आणि गजराबाई त्यांच्या, म्हणून खरं काय ते तुला लिहून ठेवते.

मी सोमवारी ऑफिसात पोचले तर बाहेरच्या बाकावर आप्पा बसलेले. पांढरा शर्ट, टोपी, काठी. शेजारी गजराबाई, मांडीवर दह्याचा डबा. सोलापूरपर्यंत एसटी, तिथनं रेल्वे, आणि डबा सांडलेला नाही. मी काही बोलायच्या आत आप्पा उठून आत गेले.

कृष्णराज सरांना वाटलं कुणी जिल्ह्याचा विक्रेता आला. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आप्पांनी उभं राहूनच सांगितलं की बातमी म्या फोडली, मुलीनं विश्वासानं कळवलं होतं, तिच्यावर काय कारवाई असेल ती माझ्यावर करा. सरांनी शांतपणे विचारलं की आपण आमच्याकडं नोकरीला आहात का. आप्पा म्हणाले, न्हाय. सर म्हणाले, मग मी आपल्याला काढू कसा? चेअरमन असताना आप्पांना असा पेच कधी पडला नसावा.

तेवढ्यात गजराबाईंनी सरांना विचारलं की तिला मारलं ते तुम्हीच का. सर हसले, म्हणाले, बाई, ती गोष्ट आहे. गजराबाई म्हणाल्या, मला कळतंय गोष्ट हाय. माझा मालक गेला तेव्हा पण समदे म्हणत होते की होईल सगळं बरं. कोणत्या महिन्यात ते कुणाला सांगता येत नव्हतं, कुणाला माहीतच नव्हतं. तुमाला तर महिना माहीत होता. मग लपवला कशाला?

आई, सरांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची गजराबाईंकडं वळवली. मी तिथं नोकरीला लागल्यापासून त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. पण फोन वाजला. सोलापूरचे विक्रेते होते. फेब्रुवारीच्या अंकाची दुप्पट मागणी आत्तापासून नोंदवत होते. सरांनी फोन ठेवला तेव्हा चेहरा पुन्हा नेहमीचा. आप्पांना म्हणाले, मुरुममध्ये आमचे किती अंक जातात? आप्पा अभिमानानं म्हणाले, एक. आम्ही सगळे तोच ऐकतो. सर पाणी प्यायले.

तर निकाल असा. सौदामिनी चौथ्या नाही, दुसऱ्याच अंकात परत येणार, डिसेंबरला. सगळ्यांना कळलंच आहे तर वाट बघायला लावून उपयोग नाही, असं सर म्हणतात. नोकरी राहिली. पण त्यांनी मला एक नवं काम सुचवलं. दर महिन्याला मुरुमला एक पत्र टाकायचं, त्यात एक गुपित, आणि ते बरोबर फुटेल अशी व्यवस्था. त्याचे वेगळे पैसे देणार होते. मी म्हटलं, माझ्या आप्पांना मी काय लिहिते ते माझं आहे, ते ऑफिसचं नाही. सर चिडले. नव्या अंक १ वर माझं नाव पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर, छपाईवाल्यांच्या खाली गेलं. मग जरा वेळानं सर परत आले आणि दुसरा अंक कधी देतेस विचारलं. सौदामिनीचं बोलणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

रात्री दोघं माझ्या खोलीवर राहिले. आप्पांनी माझा स्वयंपाकाचा ओटा बघितला, खिडकीची कडी बसवून दिली. गजराबाईंनी दही वाढलं. झोपताना आप्पांनी विचारलं की परत येते ती धरणातनं वर कशी येणार. म्हटलं, अजून सुचलं नाही. म्हणाले, घाई करू नको, पण पटेल असं लिही.

तुझ्या हातच्या शेंगाचटणीची आठवण येते. माझ्यावर रागावली असशील तर दिवाळीला समोर बसवून रागाव.

तुझी,
सोनाली


मुरुम,
ता. १४ डिसेंबर

चि. सोनाली हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

अंक २ काल आला. खरं तर सगळ्यांना माहीतच होतं. तरी पण धरणाच्या गाळातनं हात वर आला त्या पानाला महांतेश थांबला, आणि गजराबाईनं उठून पुस्तकाला हळदीकुंकू लावलं. पान जरा खराब झालंय. त्या रिकाम्या झालेल्या गावातल्याच बायका पदराला पदर बांधून तिला ओढून काढतात, हे पटलं. तुझी माय म्हणाली, ह्या खेपेला शेवटचं पान आधी बघितलं न्हाय. मला ते खरं वाटत न्हाय, पण म्या हरकत घेतली न्हाय.

तुझं नाव शेवटच्या पानावर बारीक छापलंय. महांतेश रोज वाचायला तिथनंच सुरुवात करतो.

एक सांगायचं राहिलं. बँकेत सिद्धेश्वर म्हणून नवा क्लार्क आलाय, परंड्याकडचा. खोली मिळेना म्हणून आपल्या मागच्या खोलीत राहतो. लाजरा हाय, बोलत न्हाय, गाव नवं. काल तो ओसरीच्या कडेला उभा राहून ऐकत होता. मग हळूच विचारलं की हे सुरुवातीपासून वाचायचं तर कुठनं वाचावं लागंल. म्या घसा साफ केला. तीन अंक १, आता चौथा, मिशीचा वाद, ३०१, सगळं त्याला नीट सांगणार होतो, तुझं पत्र पण काढून ठेवलं होतं.

गजराबाई त्याला म्हणाली, उभा कशाला, बस. आज जे चाललंय तिथनं ऐक. कळलं न्हाय तर विचार, आमी हाव की.

तो बसला. महांतेशनं त्याच्यासाठी एक पान मागं घेतलं.

संक्रांतीला येतीस का ते कळव. तोवर लिहीत राहा, आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझे,
आप्पा

ता. क. माझं जेवण झालंय. तुझं झालं का ते पुढच्या पत्रात.